श्रवणयंत्र पिशवीत होतं

फॉर्मवर सही मी केली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आई स्ट्रेचरवर होती, डोळे उघडे, माझ्याकडेच बघत. निवासी डॉक्टरांनी तिच्या अंगावरून हात लांब करून कागद माझ्यापुढे धरला. "आजींना डिमेन्शिया आहे ना? मग तुम्हीच करा सही." मी पेन घेतलं आणि 'रुग्णाच्या वतीने' असं छापलं होतं तिथे सही केली. कागद वाचला नाही. तो कसला आहे हे आईला सांगितलंही नाही. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ती कण्हत होती, आणि लवकर काहीतरी व्हावं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

स्मृतिभ्रंशाचं निदान दीड वर्षापूर्वी झालं होतं. तेव्हा तिची ३० गुणांची चाचणी घेतली होती: आज वार कोणता, वर्ष कोणतं, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा. तिला १९ मिळाले. आई जन्मभर गणित शिकवणारी, त्यामुळे सात-सातची वजाबाकी तिनं शेवटपर्यंत बिनचूक केली, गुण गेले ते वार-तारखेत आणि शब्दांत. पण घरात मागे उरला तो नुसता आकडा. तिनं एखाद्या गोष्टीला नकार दिला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. दवाखान्यात डॉक्टर तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तर मी द्यायचे. ती पहिल्यांदा मला थांबवायची, मग थांबवेनाशी झाली. हे मी आज लिहितेय, तेव्हा माझ्या लक्षातही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञ आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी पलंगाजवळ स्टूल ओढलं, बसल्या, म्हणजे त्यांचा चेहरा आईच्या चेहऱ्यासमोर आला. फाइल बाजूला ठेवली. "नमस्कार. तुम्हाला काय म्हणू?"

आई काहीच बोलली नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, तिला आता फारसं समजत नाही."

"ऐकू येतं का?"

ऐकू येत नव्हतं. कारण तिचं श्रवणयंत्र माझ्या पिशवीत होतं. रात्री अपघात विभागात हरवायला नको म्हणून मीच काढून ठेवलं होतं. चष्माही तिथेच, डबीत. म्हणजे आदल्या रात्री ज्यांनी ज्यांनी तिला 'समजत नाही' असं ठरवलं, आणि त्यात मी सर्वांत पुढे होते, त्यांनी एका बहिऱ्या बाईला अंधुक उजेडात चष्म्याशिवाय तपासलं होतं. दोन्ही वस्तू काढून देताना माझे हात थरथरत होते.

यंत्र कानात बसलं, शीळ वाजली, थांबली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?"

"बाई म्हणा," आई म्हणाली. "सगळे बाईच म्हणतात."

मग त्या दोघींचं जे बोलणं झालं ते वीस मिनिटं चाललं असेल. डॉक्टर एका वेळी एकच गोष्ट सांगत होत्या. तुमचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलंय. शस्त्रक्रिया करून ते जोडता येतं. नाही केली तर दुखणं राहील, उठता येणार नाही, पडून राहिल्यानं छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. केली तर तिचेही धोके आहेत. प्रत्येक गोष्टीनंतर त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता मी काय म्हटलं ते तुमच्या शब्दांत सांगा." 'समजलं ना?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या प्रश्नाला कुणीही 'हो'च म्हणतं.

आईनं साल चुकीचं सांगितलं. आपण कुठल्या गावात आहोत यातही तिची गडबड झाली. पण "शस्त्रक्रिया केली तर मी चालेन, नाही केली तर अशीच पडून राहीन आणि कफानं जाईन" हे ती बरोबर म्हणाली. मग तिनं विचारलं, "शंभरात किती मरतात?"

मी दचकले. डॉक्टर दचकल्या नाहीत. या वयात असं हाड मोडलेल्या चार-पाच माणसांपैकी एक वर्षभरात जातो, शस्त्रक्रिया करूनही, असं त्यांनी सांगितलं. आई छताकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे राहणारे जास्त." आणि मग, "पूर्ण बेशुद्ध करू नका. मागच्या वेळी मी दोन दिवस कुठे होते ते मला कळलं नव्हतं." मागची वेळ म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया. ही गोष्ट फाइलमध्ये नव्हती, मी विसरले होते, तिला आठवत होती. पाठीतून सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचं ठरलं.

शेवटी ती म्हणाली, "आज नको. उद्या. धाकटा येऊ दे."

भाऊ परगावाहून रात्री पोचणार होता. मी वैतागले. थिएटर दुपारचं मिळालं होतं, हाडाचे डॉक्टर तयार होते. बाहेर येऊन मी भूलतज्ज्ञांना म्हटलं, बघा ना, हे काय निर्णय घेण्याचं लक्षण आहे? त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन दिवसांच्या आत व्हावी एवढंच आपल्याला हवंय. उद्या सकाळी चालेल. आणि निर्णय तुम्हाला पटला नाही म्हणजे त्यांना निर्णय घेता येत नाही, असं नसतं."

त्यांचं हे वाक्य कायद्यातही आहे, हे मला नंतर कळलं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, कलम ४. तो मानसिक आजारावरच्या उपचारांपुरता आहे, पण निर्णयक्षमता म्हणजे काय हे त्यात इतकं स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक वॉर्डात लावावं. माहिती समजणं, निर्णयाचे संभाव्य परिणाम उमगणं, किंवा निर्णय कळवता येणं, मग तो बोलून असो, चेहऱ्यावरच्या भावानं असो की हातवाऱ्यानं. माहिती त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची, गरज पडली तर खुणांनी, चित्रांनी. आणि इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणायचं नाही.

माझ्या त्या सहीबद्दलही मी वाचलं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली एका खटल्यात सांगितलंय की सज्ञान, निर्णयक्षम रुग्णाच्या ऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही. त्यातली बाई फक्त तपासणीसाठी भुलीखाली होती, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. जिवावर बेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ती वेळ तशी नव्हती. संमती द्यायची ती त्या बाईनं, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. आमच्याकडे तर आई शुद्धीवर होती. माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन फॉर्म आला. आईनं स्वतः सही केली, वाकडीतिकडी. भाऊ शेजारी उभा होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्यानंतरच्या तीन रात्रींबद्दल मात्र लिहायला जड जातंय.

पहिल्या रात्रीच ती भ्रमात गेली. वयस्कर माणसांत, त्यातून स्मृतिभ्रंश असेल तर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हे फार वेळा होतं. याला डेलिरियम म्हणतात. दिवसा बरी, संध्याकाळ झाली की भलतंच काही दिसायचं. सलाईन ओढायची, उठायला बघायची, मला 'कोण गं तू' विचारायची. दुसऱ्या रात्री मी दोन तास डोळा लागावा म्हणून बाहेरच्या बाकावर गेले. परत आले तर तिचे दोन्ही हात पट्टीच्या कापडानं पलंगाच्या कठड्याला बांधलेले. मनगटं लाल झाली होती. अंगावरचं पांघरूण सरकलं होतं, गाऊन वर गेला होता, आणि पडदा उघडा होता. समोरच्या पलंगाजवळ दोन पुरुष बसलेले.

आधी मी पडदा ओढला. मग गाऊन नीट केला. मग पट्ट्या सोडल्या. पहिल्यांदा पडदाच का ओढला मला माहीत नाही, पण त्या क्षणी हात बांधले यापेक्षा तिला असं उघडं ठेवलं, याचा संताप जास्त होता. वर्गात पदर खांद्यावर घट्ट घेऊन उभी राहणारी बाई ती.

ड्यूटीवरच्या सिस्टर थकल्या होत्या. तीस पेशंटांना त्या दोघीच. सलाईन उपसली, आम्ही काय करणार, असं म्हणाल्या, आणि मला ते खोटं वाटलं नाही. पण बांधण्यापूर्वी मला बाकावरून उठवायला अर्धा मिनिट लागला असता. कुणी लिहूनही ठेवलं नव्हतं की कधी बांधले, कुणी सांगितलं, कधी सोडायचे. मानसिक रुग्णालयांत हे सगळं नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे. साध्या वॉर्डात मात्र नुसती पट्टी घ्यायची आणि गाठ मारायची.

त्याच रात्री मी उलट्या बाजूची चूक केली. भूलतज्ज्ञांचे शब्द कानात होते, त्यामुळे आई 'नको' म्हणाली की मी सिस्टरना अडवायला लागले. सुई नको, नको तर नको. ताप आला होता, प्रतिजैविकाचा डोस चुकला. सकाळी भूलतज्ज्ञ राउंडला आल्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. "शस्त्रक्रियेआधी त्यांनी 'आज नको' म्हटलं ते कशाला, हे त्यांना माहीत होतं. रात्रीचं 'नको' हे डोळ्यांपुढच्या कुठल्यातरी भीतीला होतं. त्या वेळी त्यांच्या भल्याचं ते आपण करायचं, पण जमेल तेवढ्या कमी जोरात. आणि सकाळी परत विचारायचं." निर्णयक्षमता हा कपाळावर मारायचा शिक्का नाही, हे मला तेव्हा खरं समजलं. त्या त्या निर्णयापुरती, त्या त्या वेळेपुरती ती बघायची असते. तीच बाई सकाळी शस्त्रक्रियेबद्दल ठरवू शकते आणि रात्री सुईबद्दल नाही.

मग साध्या गोष्टी केल्या. लघवीची नळी काढून टाकली, कारण ती टोचली की आई ओढायची. रात्रीही चष्मा आणि यंत्र हाताशी. समोर मोठं घड्याळ. आम्हा दोघांपैकी एकजण रात्रभर शेजारी. तिसरी रात्र कठीण गेली, चौथ्या रात्री ती झोपली.

घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी विषय आईनंच काढला. म्हणाली, "ते हातबित बांधतात ना, तसलं मला शेवटी नकोय. लिहून ठेवता येतं का?"

येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ९ मार्च २०१८ ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, करायची वाट मोकळी केली. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, आणि त्यामुळे फार कुणी त्या वाटेला जात नसे. २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यायचं. करणारी व्यक्ती सज्ञान हवी, मन ठिकाणावर हवं आणि कुणाचा दबाव नको.

'मन ठिकाणावर' इथे आम्ही अडकलो. निदान झालेल्या बाईचं इच्छापत्र कोण मान्य करणार? वकीलबाईंनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२ काढून दाखवलं: एरवी मन ठिकाणावर नसणारा माणूसही, ज्या वेळी ते ठिकाणावर असेल त्या वेळी, करार करू शकतो. तत्त्व तेच, म्हणाल्या, फक्त त्या दिवसाचा पुरावा ठेवा. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे मुद्दाम लिहिते कारण अनेक घरं यात फसतात. आईनं भावाला दिलेलं मुखत्यारपत्र तिची समज गेल्यावर चालत नाही. ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी ते संपतं.

मनोविकारतज्ज्ञांनी आईला दोनदा तपासलं, एका आठवड्याच्या अंतरानं, सकाळी दहाला. सकाळी ती सर्वांत चांगली असते, हे त्यांनी आधीच फोनवर विचारून घेतलं होतं. दोन्ही वेळा आम्हाला बाहेर बसवलं. दोन्ही वेळा तिची उत्तरं एकच आली: बरं होण्याची आशा असेल तोवर उपचार करा. नसेल तर श्वासाचं यंत्र नको, नाकातून नळी घालून भरवणं नको, दुखू देऊ नका, हात बांधू नका. हे सगळं तिच्याच शब्दांत प्रमाणपत्रात उतरलं.

इच्छापत्रात, आपण बोलू शकणार नाही तेव्हा कुणी निर्णय घ्यायचा, त्याचं नाव द्यावं लागतं. तिथे आईनं धाकट्याचं नाव सांगितलं. दुसरं, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलीचं. माझं नाही.

दिवसरात्र मी तिच्यासोबत राहते. भाऊ महिन्यातून एकदा येतो. मी काही बोलले नाही, पण तिला कळलं असावं. रात्री पाय चेपत होते तेव्हा म्हणाली, "तू मला जाऊ देणार नाहीस." थोड्या वेळानं, "तुझ्यावर ते नको."

मला खूप लागलं. आजही लागतं. पण त्या रात्री स्ट्रेचरपाशी सही कुणी केली होती, आणि दुसऱ्या रात्री बाकावरून येऊन कुणी प्रत्येक सुई अडवली होती, हे तिनं पाहिलेलं होतं. तिला वार आठवत नाही, मी आठवते.

नोटरीकडे साक्षीदार म्हणून शेजारचे काका आणि तिच्या शाळेतले एक सर आले. सही झाली. एक प्रत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. दुसरी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, ती द्यायला मला तीन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीकडे पाठवलं. तिसऱ्या खेपेला एका कारकुनानं परिपत्रक शोधलं, शिक्का मारला आणि हळूच विचारलं, "हे मलाही करता येईल का?" त्यांच्या घरी कुणाचंतरी चाललं असावं. मी त्यांना आमच्या मसुद्याची प्रत दिली.

कागद झाला म्हणजे लगेच कुणी उपचार थांबवत नाही, हेही नातेवाइकांना समजावून सांगावं लागलं. वेळ येईल तेव्हा रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर. दोन्हींचं मत जुळलं आणि नेमलेल्या नातेवाइकानं होकार दिला, तरच. न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

यालाही आता तीन वर्षं होतील. आई जवळजवळ बोलत नाही. ब्युरोतून मावशी येतात. सुरुवातीला अंघोळीच्या वेळी आई त्यांना मारायची, चावायची. 'आजी फार त्रास देतात' म्हणून दोघी सोडून गेल्या. तिसऱ्या मावशी आल्या तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बघितलं. दार सताड उघडं, आईचे कपडे एकदम काढलेले, डोक्यावर तांब्या. कुणीही मारेल. आता दार लोटलेलं असतं, खांद्यावर मोठा टॉवेल राहतो, आधी पाय, मग हात, शेवटी पाठ, आणि प्रत्येकाआधी सांगायचं. रात्री डायपर, पण दिवसा दर दोन तासांनी संडासात नेतो. मावशींना हे काम वाढलं, म्हणून पगारही वाढवला. मारणं थांबलं.

गेल्या पावसाळ्यात घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला. बरी झाल्यावर रुग्णालयानं नाकातून नळी घालून घरी पाठवायचं सुचवलं. मी 'हो' म्हणणार होते. खरंच म्हणणार होते, तिचं वजन बघवत नव्हतं. भावानं कागद काढला. मोठ्या डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला. म्हणाले, स्मृतिभ्रंशाच्या या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, श्वासनलिकेत अन्न जाणंही नळीनं पूर्ण टळत नाही, उलट नळी ओढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते. हातानंच भरवा. बसवून, थोडं थोडं, घट्टसर करून. खाईल तेवढं.

भरवायला तासभर लागतो. सकाळी आधी तिचं यंत्र कानात घालते. मावशी एकदा म्हणाल्या, आता बोलत नाहीत तर बॅटरीचा खर्च कशाला. पण कानाशी जाऊन मी म्हणते, "आई, उठवू का?" आणि थांबते. तिचा डावा हात पांघरुणावरून वर आला तर उठवायचं. नाही आला तर अर्ध्या तासानं परत जायचं. आज तीनदा गेले. तिसऱ्यांदा हात वर आला.